बेचाळीस वजा

बाबा, तुझं ते जीपीएस अजून चालतं. गेल्या वर्षी ते कपाटातून निघालं तेव्हा दोन पेन्सिल सेल घातले, बटण दाबून धरलं. आधी काहीच झालं नाही, मग करडा पडदा उजळला आणि ते बिचारं आकाशात उपग्रह शोधत बसलं. सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी ठेवलं होतं मी. आपण कुठे आहोत हे कळायला त्याला वीस मिनिटं लागली. सतरा वर्षं झोपलेल्या कोणालाही तेवढी लागतील. मग साठवलेल्या जागांची यादी आली, एक ते तेवीस. नावं नाहीत, नुसते आकडे, मी भरले होते तसेच. माझ्या नवऱ्याने एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, म्युझियमला दे. तो साताऱ्याकडचा आहे. त्यांच्याकडे वडिलांना अहो-जाहो करतात. मला तुझ्याशी ते जमणार नाही, तेव्हा तूच म्हणते.

आधी तुला दोन बातम्या द्यायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उलव्याचा डोंगर आता नाही. तू ज्याच्या टोकावर होडीचं नाक धरायचास तो अख्खा डोंगर फोडून सपाट केला आणि आता तिथे विमानं उतरतात. गावदेवीचं देऊळ जागेवर आहे, पण पाण्यातून त्याचा कळस दिसत नाही, मध्ये टॉवर उभे आहेत. ते तर तुझ्या डोळ्यांदेखतच सुरू झालं होतं. कळसाच्या मागे चिंचेचा शेंडा आला आणि डोंगराचं टोक मिठागरातल्या शेडवर बसलं, की जाळं सोडायचं, अशी तुझी खूण. पहिला टॉवर सातव्या मजल्यावर गेला तेव्हा चिंच गेली, बाराव्यावर गेला तेव्हा कळस गेला. तू ओट्यावर बसून मजले मोजायचास. इतर लोक फ्लॅटचा भाव काय म्हणून मोजत होते, तू वेगळ्याच कारणाने.

दुसरी बातमी फोनची. तू गेलास तेव्हा तुझ्याकडे बटणांचा फोन होता आणि तो लागला की तू उभा राहून बोलायचास. आता फोन रस्ता सांगतो. मी कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आहे, गेटपास माझ्या टेबलावरून जातात. नोकरीला लागले तेव्हा काही ट्रेलरच्या काचेला वेगळं यंत्र चिकटवलेलं असायचं, ड्रायव्हर ते काढून हातात घेऊन चहाला जायचे, चोरीला जाईल म्हणून. आज एकाकडेही नाही. सगळ्यांच्या काचेला मोबाईल. आमच्याही गाडीत तसलं एक होतं, बाई इंग्लिशमधून बोलायची. ते जुन्या चार्जरांच्या खणात पडलंय. मागे एकदा गंमत म्हणून लावलं, तर त्याच्या नकाशात उलव्याचे अर्धे सेक्टर नव्हतेच. आम्ही चांगल्या डांबरी रस्त्यावर होतो आणि ते आम्हाला खाजणात, चिखलात चालवत होतं. नवरा म्हणाला, बघ, म्हणून म्हणतो, आता वेगळं यंत्र घेणारा माणूस येडा. मला तुझं यंत्र आठवलं होतं आणि ते त्याला सांगायचं नव्हतं.

तुझं यंत्र मामाने आणलं, जहाजावर होता तेव्हा. मी दहावीत. तुला आकडे वाचता यायचे, इंग्लिश अक्षरं नाही, आणि त्यातलं सगळं इंग्लिश. मग आपली पद्धत ठरली. पाण्यात तू जागा सापडली की पडद्यावरचे दोन आकडे, वरचा उत्तर-दक्षिणेचा आणि खालचा पूर्व-पश्चिमेचा, बॉलपेनने तळहातावर लिहायचास. दुपारी आई बाजारातून यायच्या आत स्वयंपाकघरात माझ्यासमोर हात पसरायचास आणि मी ते भरायचे. तुझ्या हाताला माशांचा आणि डिझेलचा वास, मी एका हाताने नाक धरायचे आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबायचे. पहिल्याच दिवशी तू म्हणालास, वरच्या आकड्याच्या शेवटच्या तीन घरांत बेचाळीस मिळव आणि मग भर. मला वाटलं तुला काही कळलं नाही. मी समजावून सांगायला लागले की असं केलं तर जागा ऐंशी मीटर सरकेल. तू म्हणालास, सरकलीच पायजे.

हे आपल्या लोकांचं जुनंच आहे. जिताडा, खाडीतला सगळ्यात महागडा मासा, कुठे मिळाला असं कोणी विचारलं तर खरं सांगायचं नाही, आणि विचारणाराही खरं सांगेल अशा आशेने विचारत नाही. 'आपल्याच पान्यात' म्हणायचं आणि दोघांनी हसायचं. पण खूण डोक्यात असते, ती कोणी चोरू शकत नाही. यंत्र चोरू शकतो. म्हणून तू यंत्रालाही तेच उत्तर द्यायला शिकवलंस. मी विचारलं, मग हजार मिळवू, सापडणारच नाही. तेव्हा तू जे म्हणालास ते माझ्या लक्षात राहिलं.

"लांबचा आकडा टाकलास तं चोर दुसरीकडं शोधील. त्याला वाटलं पायजे का जागा बरोबर हाय, आपलंच नशीब फुटकं."

स्वतः तू ठिकाणावर पोहोचलास की होडी दक्षिणेला सोडायचास, वरचा आकडा बेचाळीसने खाली येईपर्यंत, आणि तिथे जाळं. जिताडा खडकाच्या आडोशाला बसतो. आडोशाला जाळं लागलं तर मासा, खडकावर लागलं तर चिंध्या. ऐंशी मीटरचा खेळ. आणि बेचाळीसच का, हे मी विचारलं तर म्हणालास, तुझा रोल नंबर ना तो. मला धक्काच बसला. माझी तुकडी कुठली हे तुला कधी सांगता आलं नव्हतं, शाळेच्या फॉर्मवर तू माझी जन्मतारीख आईला विचारून लिहायचास. हे तू मायेने केलंस असं मी लिहिणार नाही. आकडा मला विसरता येऊ नये एवढाच तुझा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

एकदा मी ते आईला सांगितलं. फुशारकीनेच सांगितलं, बाबाचं गुपित मला माहीत आहे म्हणून. तिने संध्याकाळी जेवताना तुला चिडवलं. तू ताटावरून उठलास. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, हातावरचे आकडे तसेच पुसून टाकलेस. तिसऱ्या दिवशी हात पुढे केलास आणि म्हणालास, "ह्यो तुजा नि माजा आकडा. कोनाला सांगायचा नाय. तुज्या आयशीला नाय, भावाला तं नायच नाय." आई बाजारात बसायची, चार बायकांत तोंडातून निघून जाईल. भाऊ नऊ वर्षांचा, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, अजूनही भिजत नाही. आईला तर आकडा कुठला हे मी सांगितलंच नव्हतं आणि तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मी मात्र त्या दोन दिवसांचा धसका घेतला तो घेतलाच.

मग दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात तू मला होडीतून नेलंस. आपल्याकडे पोरींना नेत नाहीत, धक्क्यावर दोघं-तिघं हसले, तू लक्ष दिलं नाहीस. भरतीचं पाणी, वारा नाही. यंत्र माझ्या हातात आहे, मी आकडे वाचते आहे आणि तू वल्हवतो आहेस, इंजिन बंद करून, कारण इंजिनाच्या आवाजाने लोक बघतात. तू म्हणतोस, बोल. मी बोलते. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. तू थांबत नाहीस, आणखी दक्षिणेला नवीन जागी जातोस आणि तिथे जाळं सोडतोस. दोन तासांनी ओढतोस तेव्हा आधी नुसती बोयटं, बारकी मासळी, येतात, मी तोंड पाडते, आणि मग जाळ्याच्या पोटात काहीतरी जड, चांदीसारखं वळवळतं. आठ किलोचा जिताडा. तो तू विकला नाहीस. घरी आणलास आणि आईला म्हणालास, पोरगी पास झाली. ती जागा नवीन होती, यंत्रात नव्हती. तेवीस नंबर. ती मी हातावरून उतरवून नाही घेतली, तिथेच पाण्यावर, मीच भरली, बेचाळीस मिळवून.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तीन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी ॲडमिट, संध्याकाळी संपलंच. आकड्याविषयी काही बोलायला कोणालाच वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते आठवलं नाही. होडी धक्क्यावर उलटी पडली. यंत्र आईच्या लोखंडी कपाटात, तुझ्या रेक्झिनच्या पाकिटात. भाऊ मोठा झाला, गाडीवर लागला, बारा वर्षं ॲपवाल्या टॅक्सीवर काढली. फोन सांगेल तिकडे वळायचं, फोन म्हणेल तिथे थांबायचं, हीच त्याची नोकरी. कंटाळला. गेल्या वर्षी एकदम म्हणाला, गाडी सोडतो, बाबाची होडी काढतो. होडीला नवीन फळ्या मारल्या, आणि कपाटातून यंत्र काढून माझ्याकडे आला. ताय, तूच भरायचीस ना, तूच काढून दे फोनमध्ये.

मी त्याला चहा दिला आणि डायनिंग टेबलावर बसले. डावीकडे तुझं यंत्र, उजवीकडे त्याचा फोन. एकेक जागा वाचायची, टाइप करायची. तो समोर बसून बडबडत होता, कोणत्या हॉटेलवाल्याने जिताड्यासाठी नंबर घेतलाय, कोण धक्क्यावर जळतंय. बेचाळीस माझ्या जिभेवर होता. प्रत्येक ओळीला होता. मी तो गिळत गेले आणि आकडे होते तसेच, चुकीचे, टाइप करत गेले. तू सांगू नको म्हणाला होतास, असं मी मनात म्हणत होते. मी चाळिशीकडे झुकलेली बाई, ऑफिसात दहा जणांना दमात घेते, आणि मेलेल्या बापाच्या धाकाचं कारण पुढे करत होते. तो खुशीत गेला. जाताना म्हणाला, बाबाने एवढं तरी ठेवलं माझ्यासाठी.

पहिले चार दिवस काही मिळालं नाही. नुसता चिखल. पाचव्या दिवशी जाळं खडकावर बसलं. ओहोटी लागलेली, होडी ओढ घेत होती, त्याने जाळं वाचवायला दोरी हाताला गुंडाळली. गुंडाळू नये, हे तू असतास तर त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असतंस. दोरीने दोन बोटं चिरली, एकाचं नख गेलं, सात टाके. जाळं कापून टाकावं लागलं. मला फोन आला तेव्हा मी गेटपासवर सह्या करत होते, आणि पहिला विचार आला तो असा की हे मी केलं. दुसरा विचार असा आला की कोणाला कळणार नाही. दोन्ही विचार मी लिहून ठेवते, कारण दुसरा पहिल्यापेक्षा जास्त वेळ टिकला.

मग आमच्या घरात वाद सुरू झाला, तो मात्र ऐकण्यासारखा. भाऊ हाताला पट्टी बांधून सोफ्यावर बसला आणि म्हणाला, मोबाईलवर पाण्यात भरवसा ठेवला हीच चूक. उन्हात पडदा दिसत नाही, ओल्या बोटाने चालत नाही, तापला की बंद पडतो, आणि मध्येच फोन आला की जागा जाते पडद्याआड. पाण्यात वेगळं यंत्रच पाहिजे, बाबा शहाणा होता. नवऱ्याने बाह्या सरसावल्या. तो म्हणाला, नेटवर्क नसलं तरी फोन उपग्रहच पकडतो, यंत्रही तेच उपग्रह पकडतं, वरती काय दोन वेगळे लावलेत? प्लास्टिकची पिशवी लाव, पॉवर बँक ने, झालं. तासभर चाललं. दोघांनी मला मत विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. खरं म्हणजे त्या खोलीत कळत होतं ते फक्त मलाच. फोनही चुकला नव्हता आणि यंत्रही नाही.

भावाने हट्टच धरला, नवीन यंत्र घ्यायचं. एका हाताने त्याला गाडी चालवता येईना म्हणून मी बरोबर गेले, मुंबईला, बोटींचं सामान मिळतं त्या गल्लीत. दुकानदार म्हातारा, शांत. म्हणाला, पूर्वी गाडीवाले यायचे, ते बंद झाले. आता फक्त बोटवाले आणि डोंगर चढणारे. मोठ्या बोटींना लागेलच, पण तुमच्यासारखी खाडीतली होडी, अजून पाच वर्षं धरा. विकायला बसलेला माणूस असं बोलतो याचं मला नवल वाटलं. भाऊ म्हणाला, फोन चुकतो. दुकानदार म्हणाला, बघू या. त्याने नवीन यंत्र चालू केलं, भावाचा फोन घेतला, तुझंही यंत्र आम्ही नेलं होतं ते घेतलं, आणि तिन्ही दुकानाबाहेर गल्लीच्या तोंडाशी, आकाश मोकळं होतं तिथे, एका खोक्यावर ओळीने ठेवली. पाच मिनिटं आम्ही उन्हात उभे. तिन्ही आकडे सारखे. शेवटच्या घरात एक-दोनाचा फरक, बस.

भावाने तिन्ही पडदे पुन्हा एकदा वाचले. त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, पण लहानपणी तू त्याला न घेता होडी काढायचास तेव्हा धक्क्यावर तो तसाच दिसायचा. मग म्हणाला, "मंजी बाबालाच येत नव्हतं."

फोनवरचा आळ उतरला आणि तुझ्यावर आला. मी खरं सांगू शकले असते: बाबाला सगळं येत होतं, त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मीही नाही. ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "जुन्या यंत्रांत फरक असायचा. त्यातल्या जागा वर सरकायच्या. सगळ्यांतून बेचाळीस वजा कर."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग खोक्यावरच्या तीन सारख्या आकड्यांकडे पाहिलं आणि तुझ्या यंत्राची काच आपल्या फडक्याने पुसायला लागला. भावाने विचारलं, तुला कसं माहीत. मी म्हटलं, मीच भरायचे ना. तेवढं तरी खरं होतं. त्याने नवीन यंत्र घेतलं नाही. मी परतीच्या वाटेवर गाडी चालवत होते आणि तो शेजारी डाव्या अंगठ्याने फोनमधले आकडे एकेक करून बदलत होता.

टाके निघाले, तो पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी जिताडा, चौथ्या दिवशी दोन. मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, बाबाची जागा. आता तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवून जातो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मी वर लिहिलंच आहे. त्याने सगळ्या धक्क्याला सांगितलं की जुन्या यंत्रांत बेचाळीसचा फरक असतो, ताय ऑफिसात आहे, तिला माहीत आहे. लोकांनी आपापल्या यंत्रांतल्या चांगल्या, खऱ्या जागांतून बेचाळीस वजा करून बघितले, जाळी चिखलात गेली, आणि सगळ्यांनी ठरवलं की यंत्रंच नासकी. गेल्या महिन्यात गावात गेले तर एकाचं लहान पोर तसलं यंत्र घेऊन दुकान-दुकान खेळत होतं. नवरा म्हणतो, बघ, मी म्हणालो होतो, फोनने सगळं खाल्लं. त्याच्या म्हणण्यात चूक नाही. पण आपल्या धक्क्यावर फोन जिंकला तो माझ्या थापेमुळे. तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसला असतास, आणि मग विचारलं असतंस, भावाला का सांगितलंस.

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे: त्याचे सात टाके. खरं त्याला अजूनही सांगितलेलं नाही; तो खुश आहे, आणि तू त्याच्यासाठी जागा ठेवून गेलास असं त्याला वाटतं, आणि ते मी मोडणार नाही. त्याने यंत्र मला देऊन टाकलं, आता काय उपयोग म्हणाला. हा कागद घडी करून यंत्राबरोबर तुझ्याच रेक्झिनच्या पाकिटात घालणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार.

एक राहिलं. त्या दिवशी डायनिंग टेबलावर मी बावीसच जागा टाइप केल्या. त्याने मोजल्या नाहीत. तेविसावी मी दिली नाही. मला होडी चालवता येत नाही, जाळं सोडता येत नाही, ती माझ्या काही कामाची नाही. बाकीच्या बावीस देताना आकडा लपवला तो तुझ्या धाकाने, असं मी मघाशी म्हटलं. ही मात्र मला हवी होती, म्हणून ठेवली.